मार्सिया ग्रिफिथ्स: मार्लीच्या मागे उभी राहण्याआधी आणि नंतर

मंद्रसप्तक

१९७४ साली जमैकाची गायिका मार्सिया ग्रिफिथ्स रेगे गायक बॉब मार्लीच्या मागे कोरसला उभी राहिली, तेव्हा ब्रिटनच्या हिट गाण्यांच्या यादीत तिचं नाव लागून चार वर्षं उलटली होती आणि मार्लीचं अजून लागायचं होतं. १९७० मध्ये बॉब अँडीबरोबर तिने गायलेलं 'यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक' तिथे पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. मार्ली त्या यादीत शिरला १९७५ मध्ये, लंडनच्या लायसियममध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेलं 'नो वूमन, नो क्राय' बाजारात आलं तेव्हा.

हे आधीच सांगून टाकते, कारण मार्सियाबद्दल कुठेही वाचायला जा, 'मार्लीची बॅकिंग सिंगर' एवढ्यावर तिची बोळवण केलेली असते. कोरस गाण्यात कमीपणा काही नाही, पण तिची कारकीर्द तिथे सुरूही झाली नाही आणि संपलीही नाही. बाई १९६४ पासून गातेय.

जन्म १९४९ चा, किंग्स्टन शहराच्या पश्चिम भागातल्या गरीब वस्तीत. पहिला मोठा कार्यक्रम कॅरिब थिएटरमध्ये, बायरन ली आणि त्याच्या ड्रॅगनेअर्स या वाद्यवृंदाबरोबर. वय पंधरासुद्धा नव्हतं. तिथून ती पोचली निर्माता क्लेमेंट 'कॉक्सन' डॉडच्या स्टुडिओ वनमध्ये. ब्रेंटफर्ड रोडवरची ही जागा म्हणजे त्या काळच्या जमैकन संगीताची शाळाच. ऑर्गनवर जॅकी मिटू, बाहेर ऑडिशनला आलेल्या पोरांची रांग, आणि आत दिवसभर गाण्यांमागून गाणी. १९६८ चं 'फील लाइक जंपिंग' तिथलंच. रॉकस्टेडी हा आधीचा प्रकार मागे पडून रेगे आकार घेत होतं त्या वेळचं गाणं आहे हे. सुरुवातीला ब्रास वाजतो आणि मार्सिया आत येते ती थेट, कुठलीही आलापी नाही, लाडिकपणा नाही. तेव्हाच्या बऱ्याच गायिका अमेरिकन सोल संगीताच्या थाटात शब्द ओढत. ही शब्द वेळेवर सोडून देते. माझ्या मते तिचं सगळं वेगळेपण इथेच आहे.

'फील लाइक जंपिंग', 'मेलडी लाइफ', 'ट्रूली' ही गाणी बॉब अँडीने लिहिलेली. तो मूळचा पॅरागॉन्स या गटातला, म्हणजे तोही हार्मनीत तयार झालेला. पुढे निर्माता हॅरी जेकडे या दोघांनी मिळून गायलेलं वर सांगितलंच. मूळ गाणं अमेरिकन गायिका नीना सिमोनचं. ब्रिटनमध्ये विकायचं म्हणून त्यावर व्हायोलिनांचा थर चढवला गेला. खपायला त्याचा उपयोग झाला असेल, मला मात्र तो लग्नातल्या केकवरच्या क्रीमसारखा वाटतो. पुढच्या वर्षी 'पाइड पायपर' अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं.

मग १९७४. मार्सियाचे न्यू किंग्स्टनमधल्या हाउस ऑफ चेन या क्लबात कार्यक्रम होते. तिथे तिने ज्युडी मोवॅट आणि रिटा मार्ली या दोघींना सोबतीला बोलावलं. तिघींचे आवाज जुळले. पीटर टॉश आणि बनी वेलर नुकतेच मार्लीच्या वेलर्स या गटातून बाहेर पडले होते आणि बॉबला मागे आवाज हवे होते. 'नॅटी ड्रेड' या अल्बमपासून या तिघी आय थ्रीज म्हणून त्याच्याबरोबर दिसू लागल्या. म्हणजे बघा, ज्या तिघींना जग मार्लीच्या मागच्या बायका म्हणून ओळखतं त्या आधी मार्सियाच्या कार्यक्रमात एकत्र आल्या होत्या.

आता मला सगळ्यात जास्त ज्यावर लिहायचंय ते. आय थ्रीजच्या ऐन भराच्या काळात, मार्लीचे जगभर दौरे चालू असताना, मार्सियाने स्वतःचे दोन अल्बम केले: 'नॅचरली' (१९७८) आणि 'स्टेपिन' (१९७९). दोन्हींची निर्माती सोनिया पॉटिंजर. निर्मिती, स्टुडिओ, वितरण हे सगळं पुरुषांच्या हातात असलेल्या त्या धंद्यात ही बाई हाय नोट नावाचं स्वतःचं लेबल चालवत होती आणि कल्चरसारख्या गटाचे अल्बमही काढत होती. 'नॅचरली' ऐकताना लक्षात येतं की आवाजाला कसली घाई नाही. जुनी स्टुडिओ वनमधली काही गाणी तिने इथे पुन्हा गायली आहेत, दहा वर्षांनी पिकलेल्या गळ्याने.

कुणी ऐकलेत का हे अल्बम? मार्लीचे चाहते इथे पुष्कळ आहेत, म्हणून विचारतेय.

बेरकी_बापू

शीर्षक पाहून उघडलं, पहिल्या परिच्छेदात रेगे दिसलं, म्हटलं आमच्या मालवणच्या कुणा रेग्यांची नात जमैकात गाते की काय. असो. ऐकलं 'फील लाइक जंपिंग'. दोनदा ऐकलं. पुढचं सुचवा.

ऑफबीट

सुंदर धागा. मी बेस वाजवतो, हौशी, त्यामुळे आमचं लक्ष कायम खाली. बेस आणि ड्रम्स यांच्यावरच रेगे उभं असतं, गिटार दोन मात्रांच्या मधल्या जागेत टुकटुक करते आणि गाणारा या सगळ्यावर आरामात तरंगतो. या मांडणीत कोरसचं काम काय हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग 'देम बेली फुल' नीट ऐकलं. गाणं सुरू होतं तेच या बायकांच्या बिनशब्दांच्या ओळीने. भुकेवरचं गाणं आहे आणि सुरुवात पोरं अंगणात गाणं म्हणतात तशी. मार्ली नंतर येतो. त्या ओळीशिवाय ते नुसतं रागावलेलं गाणं झालं असतं.

'नॅचरली'बद्दल सहमत. त्यातलं 'ड्रीमलँड' बनी वेलरनेही गायलंय, त्याच्या १९७६ च्या 'ब्लॅकहार्ट मॅन' अल्बमवर आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका. बनी स्वप्न पडलेल्या माणसासारखा गातो. मार्सियाने बोटीचं तिकीट काढून ठेवलेलं आहे.

अनवट

जरा वेगळा सूर लावतो. आवाज छान, वादच नाही. पण वर दिलेली नावं बघा. बॉब अँडीने लिहिलेली गाणी, नीना सिमोनचं गाणं, बनी वेलरचं गाणं. मार्सियाचं स्वतःचं म्हणून काय उरतं? मार्ली, टॉश, बर्निंग स्पिअर हे लोक मोठे ठरले ते स्वतःचं म्हणणं मांडत होते म्हणून. दुसऱ्याचं उत्तम गाणारे पुष्कळ असतात. 'सोलो कारकीर्द' हा शब्द अशा वेळी जरा मोठा वाटतो.

मंद्रसप्तक

अनवट, हा निकष लावायचा तर आपल्याकडच्या भावगीतांचं अर्धं कपाट रिकामं करावं लागेल. कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायिका वेगळी, आणि तरी गाणं कुणाचं असं विचारलं की आपण गायिकेचं नाव घेतो.

जमैकात तर गाण्यांवर मालकी हा प्रकारच सैल होता. एकाच रिदमवर, म्हणजे तयार असलेल्या बेस आणि ड्रमच्या त्याच पट्टीवर, दहा जण दहा गाणी करत. 'यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक'च घ्या. नीना सिमोन ते पियानोवर बसून, काहीशा गंभीर उपदेशाच्या सुरात म्हणते. मार्सिया आणि बॉब अँडी ते नाचत म्हणतात. शब्द तेच, पण आता ते सभेतून निघून मुलांच्या तोंडी आले. असं करता येणं ही कारागिरी नव्हे तर काय?

लिहिणाऱ्यांना मान मिळायलाच हवा. बॉब अँडी २०२० मध्ये गेला, त्याच्यावर स्वतंत्र धागा निघायला हवा हेही खरं.

केतकी_पान

धागा मार्सियाचा आहे हे मान्य, पण अनवट यांच्या प्रश्नाचं उत्तर याच तिघींमध्ये उभं आहे. ज्युडी मोवॅट. 'ब्लॅक वूमन', १९७९.

हा अल्बम तिने स्वतः निर्माण केला, होप रोडवरच्या मार्लीच्या टफ गाँग स्टुडिओत. बाईने स्वतःची निर्मिती स्वतः केलेला हा पहिला रेगे अल्बम म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. नुसतं शीर्षकगीत ऐका. गुलामांच्या बाजारापासून ते आजच्या किंग्स्टनपर्यंत बाईवर काय काय लादलं गेलं ते ती बाईशीच बोलत सांगते, पुरुषांना ऐकवण्यासाठी नव्हे. रास्ताफारी या जमैकन धार्मिक चळवळीत बाईचं स्थान तसं मागेच होतं, डोकं झाकायचं, पुढे यायचं नाही. ज्युडी स्वतः ट्वेल्व्ह ट्राइब्स ऑफ इस्रायल या पंथात होती, आतली होती, आणि आत राहून तिने हे केलं. म्हणून मला त्याचं जास्त मोल वाटतं.

त्यात 'जोसेफ' नावाचं गाणं आहे. ट्वेल्व्ह ट्राइब्समध्ये जन्ममहिन्यावरून नाव मिळतं. फेब्रुवारीत जन्मलेला तो जोसेफ, म्हणजे बॉब मार्ली. तो हयात असताना, आजारपण जगाला कळण्याआधी, त्याच्या मागे गाणाऱ्या बाईने त्याच्यावर लिहिलेलं गाणं. मार्ली गेल्यावर त्याच्यावर गाणी करणारे ढिगाने निघाले. हे आधीचं आहे.

पुढे १९८५ चा तिचा 'वर्किंग वंडर्स' ग्रॅमीच्या रेगे विभागात नामांकित झाला. या विभागात नामांकन मिळालेली ती पहिली बाई. त्या वर्षी बक्षीस जिमी क्लिफला गेलं. मला स्वतःला तो अल्बम 'ब्लॅक वूमन'च्या जवळपासही वाटत नाही, ऐंशीच्या दशकातला तो सिंथसायझर कानाला टोचतो. नंतर ती ख्रिस्ती झाली आणि गॉस्पेलकडे वळली.

आवाजात मार्सिया पुढे, हे मी निमूट कबूल करते. पण एकच रेकॉर्ड घेऊन बेटावर जायचं तर माझ्या पिशवीत 'ब्लॅक वूमन'.

अनवट

केतकी_पान, 'ब्लॅक वूमन' ऐकला. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात :)

शाहिरी_बाज

मला रेगेतलं ओ की ठो कळत नाही. पण आमच्या घरात पोवाडा आहे, आजोबा आणि काका शाहीर, आणि मी लहानपणापासून झीलकरी. म्हणून या तिघींबद्दल वाचताना हात शिवशिवले.

लोकांना वाटतं, झील धरणं म्हणजे शाहिराच्या मागे 'जी जी रं जी' म्हणायचं, त्यात काय. पहिलं म्हणजे श्वास. शाहीर ओळ संपवताना श्वास कुठे घेतो ते तुम्हाला त्याच्या खांद्यावरून कळलं पाहिजे, कारण तो जिथे थांबणार तिथे तुम्हाला उचलायचं असतं, आणि तो कधीकधी थांबतच नाही. दुसरं, आम्ही तिघे असलो तर शब्दाचा शेवट तिघांनी एकदम बंद करायचा. एकाचा 'जी' अर्ध्या मात्रेने रेंगाळला की सगळं सैल पडतं, आणि समोरच्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, नुसती मजा जाते. तिसरं, आपला आवाज मोठा असला तर तो दाबायचा. माझा चुलतभाऊ चांगला गातो म्हणूनच त्याला झीलेत ठेवायला काका तयार नसत.

आज मुलाला सांगून मार्लीची चार गाणी लावून घेतली. त्या बायका शब्दाचा शेवट कसा कापतात ते ऐका हो! सुरी. आणि ज्या बाईचा स्वतःचा आवाज एवढा मोठा, ती मागे उभी राहून तो मोजून मापून देते, हे मला तरी तिच्या सोलो गाण्यांहून अवघड वाटतं.

मंद्रसप्तक

शाहिरी_बाज, हा प्रतिसाद धाग्याच्या वर हवा होता. आय थ्रीजवर इंग्रजीत मी पानंच्या पानं वाचली आहेत, शब्द एकदम बंद करण्याबद्दल कुणी लिहिलेलं आठवत नाही.

'थ्री लिटल बर्ड्स'ची एक गोष्ट यावरून सांगते. ते गाणं कशावरून सुचलं याबद्दल दोन कथा आहेत. एक म्हणजे मार्लीच्या होप रोडच्या घराच्या पायरीशी खरंच पक्षी येऊन बसत. दुसरी मार्सियाने सांगितलेली: कार्यक्रम संपल्यावर लोक पुन्हा पुन्हा बोलवत, तेव्हा बॉब या तिघींकडे वळून माझे तीन पक्षी काय म्हणतायत असं विचारी. दोन्ही खऱ्या असायला काही हरकत नाही.

टोरांटोचा_तात्या

इतका वेळ धाग्यात 'इलेक्ट्रिक बूगी' आलं कसं नाही?

इथे उत्तर अमेरिकेत मार्सिया ग्रिफिथ्स हे नाव शंभरातल्या पाच जणांना माहीत असेल, पण हे गाणं लागलं की लग्नातल्या आज्या काठी बाजूला ठेवून रांगेत उभ्या राहतात. इलेक्ट्रिक स्लाइड नावाचा नाच आहे, सगळे एका दिशेला तोंड करून चार पावलं इकडे, चार तिकडे, मग वळायचं. आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीतही झालाय, पैठणीत. गाणारी कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाणं बनी वेलरने लिहिलेलं. आमच्या गावाला भाव खायची संधी अशी की मार्सियाने एक इलेक्ट्रॉनिक रिदम बॉक्स टोरांटोत विकत घेतला होता, त्याचा आवाज बनीला भलताच आवडला आणि त्यावरून हे गाणं झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकात ते गाजलं, आणि १९८९ मध्ये नव्याने मिक्स होऊन अमेरिकेत आलं तेव्हा बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ५१ वर पोचलं. आकडा दिसायला किरकोळ, पण त्या यादीतली वरची किती गाणी आज लग्नात वाजतात?

टोरांटोच्या एग्लिंटन अव्हेन्यू वेस्टला लिटल जमैका म्हणतात. वर ज्याचा उल्लेख आलाय तो जॅकी मिटू इथेच येऊन राहिला आणि १९९० मध्ये इथेच वारला. हेप्टोन्स या गटाचा लिरॉय सिबल्स, हाही हार्मनीवालाच, इथे बरीच वर्षं होता. रस्त्यावरच्या मेट्रोच्या कामात अनेक जुनी दुकानं गेली. रेकॉर्डची दोनेक दुकानं होती, तिथे नुसतं उभं राहिलं तरी शिक्षण व्हायचं.

ऑफबीट

तात्या, गाणं मजेदार आहे, पण ते रेगे म्हणायला माझी जीभ वळत नाही. ड्रम मशीन आणि डिस्को. मार्सियाच्या नावावर सगळ्यात जास्त चाललेलं गाणं नेमकं तिच्या आवाजाला सगळ्यात कमी काम देणारं निघावं, हा दैवदुर्विलास.

टोरांटोचा_तात्या

त्यावर घरभाडं निघालं असेल तर दैवाला माफ आहे.

म्हापशेकार

गोव्यातून हजेरी. आमच्या किनाऱ्यावर रेगे म्हणजे 'लेजंड' हा एकच अल्बम, सकाळ-संध्याकाळ. शॅकवाल्या पोराला मी सांगून पाहिलं, बाबा, मार्लीने आणखीही काही केलंय. हरमलला ऐकणारे लोक आहेत, आणि गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव सुरू झाल्यापासून साउंड सिस्टिमवर जुनी स्टुडिओ वनची गाणी ऐकायला मिळू लागली. तिथल्या स्पीकरच्या भिंतीसमोर बेस छातीत ऐकू येतो, कानात नंतर. 'फील लाइक जंपिंग' असं कधी ऐकलं तर घरच्या स्पीकरवर पुन्हा ऐकवत नाही.

प्रश्न: मार्ली गेल्यावर आय थ्रीजचं काय झालं? आणि रिटाबद्दल कुणीच बोलत नाही.

मंद्रसप्तक

म्हापशेकार, मार्ली ११ मे १९८१ ला मायामीत गेला. २१ मे ला किंग्स्टनमध्ये शासकीय इतमामात निरोप दिला गेला, तिथे या तिघी गायल्या. पुढे १९८६ मध्ये 'बिगिनिंग' नावाचा तिघींचा अल्बम आला. तो न ऐकलात तरी चालेल. तीन समर्थ आवाज आणि पुढे कुणीच नाही, असं काहीसं झालंय.

रिटाबद्दल केतकी_पान लिहितील तर बरं. मी एवढंच म्हणेन की ३ डिसेंबर १९७६ ला होप रोडच्या घरावर गोळीबार झाला तेव्हा तिच्या डोक्याला गोळी चाटून गेली होती, आणि दोनच दिवसांनी स्माइल जमैका कार्यक्रमात ती डोक्याला पट्टी बांधून कोरसला उभी होती. शाहिरी_बाज यांनी श्वासाबद्दल लिहिलं ते वाचताना मला हे आठवलं.

केतकी_पान

रिटाची गोष्ट फार गुंतागुंतीची आहे, सगळी दोन ओळींत नको. मार्लीच्या आधी ती सोलेट्स या गटात गात होती, म्हणजे तीही 'लग्नामुळे गायिका' नव्हे. 'हू फील्स इट नोज इट' हा तिचा अल्बम मार्लीच्या आजारपणाच्या सावलीतला. त्याच सुमाराचं गांजावरचं 'वन ड्रॉ' जमैकन रेडिओने वाजवायला नकार दिला, आणि ते बाहेर धो धो चाललं.

बेरकी_बापू

शाळेतल्या बाईंच्या वर्गात विद्यार्थी गांजा मागतात असं काहीतरी आहे ना ते? सौ.ने ऐन वेळी खोलीत येऊन विचारलं, काय ऐकताय. म्हटलं, शैक्षणिक.

अनवट

एक प्रश्न राहिला. १९९० नंतर मार्सियाचं काय? तोवर डान्सहॉल हा नवा जमैकन प्रकार आला होता, बंदूक आणि बढाया. चाळिशीतल्या गायिकेला त्यात जागा कुठे?

मंद्रसप्तक

चांगला प्रश्न, आणि उत्तर जरा अनपेक्षित आहे. ती त्यांच्यातच गेली. डोनोव्हन जर्मेनच्या पेंटहाउस स्टुडिओत तिने डान्सहॉलच्या नव्या रिदमवर गायला सुरुवात केली. 'फायर बर्निंग' तिथलंच. टोनी रिबेल, कटी रँक्स, बुजू बँटन ही तेव्हाची पोरं, तिच्या मुलांच्या वयाची, आणि ती त्यांच्याबरोबर जोडीने गाणी करत होती. ते घोगऱ्या आवाजात शब्दांचा मारा करतात, आणि मधे ही येऊन एक ओळ सरळ, स्वच्छ लावून जाते. वर शाहिरी_बाज म्हणाले तेच: समोरचा कुठे श्वास घेणार हे ओळखायची सवय. ती सवय स्टुडिओ वनमधल्या द्वंद्वगीतांत लागली, मार्लीच्या मागे पक्की झाली, आणि डान्सहॉलमध्ये तिच्या कामी आली. २०१२ मध्ये तिने अशा जोडगाण्यांचा एक मोठा संग्रहही काढला.

म्हणूनच सोलो आणि कोरस असे तिच्या कारकिर्दीचे दोन कप्पे पाडावेत असं मला वाटत नाही. अनवट, तुम्ही मागितलेलं 'स्वतःचं म्हणणं' तिच्याकडे शब्दांत फारसं सापडणार नाही. दुसऱ्या आवाजाशेजारी ती स्वतःला कुठे ठेवते, त्यात ते आहे.

अनवट

हे पटण्यासारखं आहे. अर्धं पटलं असं लिहितो, धागा चालू राहावा म्हणून.

ऑफबीट

बापूंनी पुढचं सुचवा म्हटलं होतं ते राहूनच गेलं. 'नॅचरली' आधी, सलग, हेडफोनवर, बेस वाढवून. 'इलेक्ट्रिक बूगी' सगळ्यात शेवटी किंवा पुढच्या लग्नात. आणि कुणाकडे हाय नोटच्या मूळ रेकॉर्ड असतील तर व्यक्तिगत निरोप करा, कॅसेटवर भरून घेईन, माझा डेक अजून चालतो.

केतकी_पान

सोनिया पॉटिंजरवर धागा काढते. रविवारपर्यंत वेळ द्या, घरी पाहुणे आहेत.